इलेक्ट्रिक स्मोकरमध्ये हवा खेळती कशी ठेवायची

मी स्मोकरमध्ये केलेल्या पहिल्याच मटणाचा घास आईनं तोंडात घेतला, थोडा चावला आणि बशीत परत ठेवला. "हे तं डांबरावानी लागून राहिलं रे," ती म्हणाली. अडीच किलोची अख्खी रान, म्हणजे बोकडाची मागची तंगडी, होती. रात्रभर सावजी मसाला लावून फ्रिजमध्ये ठेवली होती, सकाळी गच्चीवरच्या नव्या इलेक्ट्रिक स्मोकरमध्ये, म्हणजे लाकडाच्या धुरात मंद आचेवर मटण शिजवायच्या विजेच्या पेटीत, घातली आणि सहा तास जवळून हललो नाही. वरची झडप मात्र पूर्ण बंद होती. धूर आत राहिला तरच तो मटणात मुरेल असं मला वाटत होतं. दार उघडलं तेव्हा छताला काळे, चिकट थेंब लोंबत होते, आणि मटणावर जिथे जिथे ते पडले तिथे तपकिरी डाग उमटले होते.

नव्यानं स्मोकर घेणाऱ्यांच्या तक्रारी ऐकल्या की त्या याच वळणाच्या असतात. मटण कडवट लागतं, चिकनची कातडी रबरासारखी राहते, जीभ जरा बधिर होते. मग लोक लाकूड बदलतात, मसाला बदलतात, पेटीच बदलायला निघतात. आधी हवेकडे बघा. हवा आत कुठून येते आणि बाहेर कुठून जाते, हे नीट लागलं की साध्या, स्वस्त पेटीतूनही उत्तम मटण निघतं.

मला हे एका कूलर बनवणाऱ्या काकांनी शिकवलं. पेटीला धुराडं बसवून घ्यायचं म्हणून मी त्यांच्या दुकानात गेलो होतो. त्यांनी स्मोकर आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला. आत डोकावले, बोटानं छताचा चिकटा पुसला, वास घेतला आणि म्हणाले, "काहून जी, कूलर लावून खिडकी बंद करता का तुम्ही? हवा आत येते तितकी भाईर निघाले पाहिजे. नाही तं नुसती चिपचिप. तुमच्या पेटीत तेच होऊन राहिलं."

नागपुरात उन्हाळा काढलेल्या माणसाला यापुढे वेगळं समजवावं लागत नाही.

पेटीत नेमकं काय घडतं

कोळशाच्या स्मोकरला हवा दिली नाही तर तो विझतो, म्हणून त्याच्या रचनेतच हवेची वाट असते. इलेक्ट्रिक कॉइलला जळायला हवा लागत नाही. त्यामुळे बनवणारे पेटी घट्ट बंद करतात, उष्णता वाचते, वीज कमी लागते. पण कॉइलशेजारच्या ट्रेमधल्या लाकडाच्या ढलप्यांना, म्हणजे चिप्सना, हवा हवीच असते. ती मिळाली नाही की लाकूड नुसतं धुमसतं आणि त्यातून दुधासारखा पांढरा, दाट धूर निघतो. त्या धुरात डांबराचे बारीक कण असतात. ते पेटीच्या भिंतीवर, छतावर आणि मटणावर बसतात.

त्यात पाण्याची भर पडते. मटणात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. अडीच किलोची रान सहा तासांत पाव हिस्सा वजन सहज घालवते, आणि त्यातला बराचसा भाग वाफ होऊन पेटीतच फिरत राहतो. ही वाफ बाहेर गेली नाही तर थंड पत्र्याला लागून तिचं पाणी होतं, पाण्यात डांबर मिसळतं आणि तोच काळा थेंब खाली पडतो. चिकनची कातडी याच वाफेत शिजते, म्हणून ती कुरकुरीत होत नाही.

चांगल्या धुराचा जो गोडसर, खमंग वास असतो तो लाकडातल्या लिग्निनमधून येतो. लिग्निन तापून फुटलं की ग्वायाकोल आणि सिरिंगोल ही संयुगं तयार होतात. त्यासाठी लाकूड पुरेसं तापावं लागतं आणि त्याला हवा मिळावी लागते. असा धूर विरळ असतो, उन्हात धरला तर निळसर दिसतो, कधीकधी दिसतही नाही, फक्त वास येतो. सुरुवातीला माणूस घाबरतो की धूरच नाही. घाबरू नका, मूठभर चिप्स आणखी टाकायचा मोह आवरा.

आता ओढीबद्दल. ११० अंश सेल्सिअसची हवा ३० अंशांच्या हवेपेक्षा साधारण एक पंचमांश हलकी असते. ती वर चढते, वाट मिळाली तर बाहेर पडते, आणि तिच्या जागी खालून नवी हवा ओढली जाते. चुलीवरच्या धुराड्याचं काम असंच चालतं. ही ओढ ठरते धुराड्याच्या उंचीवर आणि आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर. जानेवारीच्या पहाटे बाहेर १२ अंश असतील तर पेटीतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा चतुर्थांश हलकी असते. मे महिन्यात ४५ अंशांच्या दुपारी ती जेमतेम सहाव्या हिश्श्यानं हलकी असते. म्हणजे तीच पेटी, तेच धुराडं, पण मेमधली ओढ जानेवारीच्या साधारण साठ टक्के. हिवाळ्यात सुरेख चालणारी पेटी उन्हाळ्यात अचानक कडू मटण देऊ लागते, त्यामागे बहुधा हेच असतं.

पहिली पायरी: अगरबत्ती लावून बघा

पेटी रिकामी ठेवून ११० अंशांवर अर्धा तास चालू द्या. वरची झडप पूर्ण उघडा. चिप्स टाकायच्या फटीशी किंवा तळाच्या भोकाशी पेटलेली अगरबत्ती धरा, अंगठ्याएवढ्या अंतरावर, वारा नसताना. धुराची रेघ वाकून आत गेली तर हवा ओढली जाते आहे. रेघ सरळ वर गेली तर ओढ नाही. बाहेरच्या बाजूला वाकली तर पेटी उलटी श्वास घेते आहे, म्हणजे वरची वाट तुंबलेली आहे आणि गरम हवा खालून बाहेर पडते आहे. माझ्या पेटीत झडप बंद असताना रेघ बाहेर वाकली होती. झडप उघडल्यावर ती थरथरली, दोन सेकंद उभी राहिली आणि मग हळूच आत वळली. हा प्रयोग प्रत्येक बदलानंतर पुन्हा करा. याच्याइतकं खरं सांगणारं दुसरं साधन तुमच्याकडे नाही.

त्याच वेळी थर्मामीटरही तपासा. पेटीवरचा आकडा दहा-पंधरा अंशांनी चुकणं नवल नाही, कारण तिचा सेन्सर बहुतेकदा मागच्या भिंतीला चिकटलेला असतो. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले होते, देशभर बातमी झाली, आणि नंतर सेन्सरचा दोष असल्याचं हवामान खात्यानं सांगितलं. मोठ्या यंत्रांचं असं होतं, तर आपल्या पेटीच्या आकड्यावर डोळे मिटून विसंबू नये. वेगळा प्रोब, म्हणजे काडीसारखा थर्मामीटर, घ्या, तो उकळत्या पाण्यात धरा. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटर उंच आहे, म्हणून इथे पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळतं. प्रोबनं तेवढं दाखवलं तर तो ठीक. मग तो मटणाच्या पातळीवर, भिंतीपासून चार बोटं दूर लटकवा.

दुसरी पायरी: भोक न पाडता जे होतं ते आधी करा

वरची झडप स्वयंपाक सुरू झाल्यापासून संपेपर्यंत पूर्ण उघडी. यात अपवाद नाही. तापमान टिकवण्यासाठी झडप अर्धी करा असं कोणी सांगितलं तरी करू नका.

चिप्सचा ट्रे किंवा लोडर, म्हणजे बाहेरून चिप्स टाकायची नळी, बाहेर सरकवता येत असेल तर तो एक-दीड इंच बाहेर ओढून ठेवा. तेवढ्या फटीतून खालची हवा येऊ लागते. तळाशी चरबी गळायचं भोक असतं, ते वितळून गोठलेल्या चरबीनं बुजलेलं असतं. ते साफ करा.

जाळीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फॉइल अंथरू नका. हे मी फार जणांकडे पाहिलं आहे. साफसफाई सोपी होते खरी, पण हवेची वाटच बंद होते. चारी बाजूंनी दोन इंच मोकळे ठेवा, आणि मटणाचे तुकडे एकमेकांना चिकटवून रचू नका. पाण्याच्या ट्रेत पाणी घालू नका, तो फॉइलमध्ये गुंडाळून रिकामा ठेवा. अशा घट्ट पेटीत मटणाचंच पाणी पुरेसं असतं. चिप्सही भिजवू नका. भिजलेल्या चिप्स आधी वाफ देतात, मग धूर. कोरड्या चिप्स, मूठभर, अर्ध्या-पाऊण तासानं.

मटण पेटीत जाताना वरून कोरडं हवं. आदल्या रात्री मीठ-मसाला लावून फ्रिजमध्ये न झाकता ठेवलं की पृष्ठभाग सुकतो आणि धूर स्वच्छ बसतो. मेमध्ये "थोडं रूम टेंपरेचरला येऊ द्या" हा सल्ला विसरा. आपल्या खोलीचं तापमान जंतूंना मानवणारं असतं. ५ ते ६० अंश हा त्यांचा वाढीचा पट्टा आहे. कडक उन्हाळ्यात कच्चं मटण एकूण तासाभराहून जास्त बाहेर राहू नये.

एवढं करून एकदा चिकनच्या तंगड्या करून बघा. सगळ्यात जाड भागात ७४ अंश झाले की झालं. अनेकांचं काम इथेच होतं आणि पत्र्याला हात लावायची गरज पडत नाही.

तिसरी पायरी: धुराडं

ओढ वाढवायचा सगळ्यात सरळ उपाय म्हणजे उंची. तीन इंच व्यासाचा, दोन ते अडीच फुटांचा पाइप वरच्या झडपेवर बसवा. स्टेनलेस स्टीलचा घ्या. इतवारीत लोहा ओळीच्या परिसरात चक्कर मारली तर पाइप, बेंड आणि क्लॅम्प मिळतील, आणि नसेल तर कूलरची बॉडी बनवणारा कुणीही पत्रा वळवून देईल. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा स्वस्त पडतो, पण तो पेटीच्या आत किंवा पेटत्या लाकडाजवळ नको. जस्त फार तापलं की त्याचा धूर अंगाला बाधतो. पीव्हीसीचा विचारही करू नका.

झडप पेटीच्या छतावर मधोमध असेल तर सरळ पाइपमधलं पाणी आणि डांबर घरंगळून परत मटणावर पडतं. पाइप आतून थंड असतो, त्यामुळे पहिल्या तासाभरात हे हमखास होतं. यासाठी आधी बेंड लावून पाइप बाजूला काढा आणि मग वर न्या. बेंडच्या सगळ्यात खालच्या जागी बारीक भोक पाडून खाली वाटी टांगा. बेंड नको असेल तर झडपेखाली, वरच्या जाळीवर एक पसरट ताटली ठेवा. मी ताटलीवरच भागवतो. पाइपचं तोंड आत पेटीत घुसवू नका, छताशी सपाट ठेवा, नाहीतर छताजवळ धुराचा थर साचून राहतो.

पावसाळ्यासाठी वर टोपी लावायची तर टोपी आणि पाइपच्या तोंडात किमान तीन बोटं अंतर हवं.

खालची वाट लहान पडते आहे असं अगरबत्तीनं सांगितलं तरच पत्र्याला भोक पाडायचं. तळापासून थोडं वर, कॉइलपासून लांब, एक इंचाचं एकच भोक आधी पाडा. मग पुन्हा अगरबत्ती. पुरलं नाही तर दुसरं. भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही.

भोक पाडण्यापूर्वी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून चालणार नाही. पेटीला दोन पत्रे असतात आणि मध्ये ग्लासवूल किंवा तसलंच काही भरलेलं असतं. कॉइलच्या वायरी याच पोकळीतून जातात. मागचं झाकण उघडून वायरी कुठून जातात ते डोळ्यांनी बघा, मग खूण करा. मास्क आणि हातमोजे घाला. भोक पडल्यावर दोन्ही पत्र्यांतून आरपार जाणारी स्टीलची छोटी नळी बसवा, म्हणजे ग्लासवूलचे तंतू हवेबरोबर मटणावर येणार नाहीत. कडेला लावायचं सिलिकॉन उष्णता सोसणारं आणि अन्नासाठी चालणारं हवं. गॅस्केटचं लाल सिलिकॉन सगळंच अन्नाजवळ चालत नाही, पाकिटावर वाचून घ्या. भोक पाडलं की वॉरंटी गेली, हे धरून चाला.

आणि एक नियम कायमचा. वरची वाट खालच्या वाटेपेक्षा नेहमी मोठी. तीन इंचाच्या पाइपचं तोंड सुमारे ४५ चौरस सेंटिमीटर असतं, एक इंचाच्या भोकाचं ५. थंडीत पेटी तापमान धरत नसेल तर खालचं भोक झाका, वरचं नको.

चौथी पायरी: धूर बाहेर तयार करा, पेटीत फक्त उष्णता ठेवा

मला विचाराल तर सगळ्यात मोठा फरक यानं पडतो. कॉइलशेजारच्या ट्रेला तुम्ही कितीही हवा द्या, थर्मोस्टॅट बंद झाला की कॉइल थंड, चिप्स थंड, धूर बंद. परत चालू झाला की दाट पांढरा लोट. हा हेलकावा काढून टाकायचा तर लाकूड वेगळ्या डब्यात धुमसवायचं. अमेरिकेतले लोक त्यासाठी पत्र्याची टपालपेटी वापरतात. आपल्याकडे झाकणाचा स्टीलचा धान्याचा डबा उत्तम, दहा किलोचा.

डब्याच्या एका बाजूला तळाशी एकेक इंचाची दोन भोकं, दुसऱ्या बाजूला वर तीन इंचाचं एक. या मोठ्या भोकातून ॲल्युमिनियमची लवचिक नळी काढून पेटीच्या चिप्स-लोडरच्या जागी जोडा. नळी दोन-तीन फूट लांब, आणि डब्याकडून पेटीकडे चढती. लांबीचा फायदा असा की धूर वाटेत निवतो आणि डांबराचा बराच भाग नळीच्या भिंतीलाच बसतो. पहिल्या महिन्यानंतर मी नळी काढून आत बोट फिरवलं तेव्हा बोट गडद तपकिरी झालं. तेवढं सगळं आधी आमच्या ताटात येत होतं.

डब्यात लाकूड थेट टाकायचं नाही. स्टीलच्या जाळीचा नागमोडी वाटेचा ट्रे मिळतो, त्यात पेलेट, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या गोळ्या, भरतात आणि एका टोकाला पेटवतात. निखारा उदबत्तीसारखा हळूहळू पुढे सरकत जातो आणि कित्येक तास पुरतो. ट्रे विटेच्या दोन तुकड्यांवर उचलून ठेवा, खालून हवा लागली पाहिजे. गॅसच्या टॉर्चनं टोक मिनिटभर पेटवा, आठ-दहा मिनिटं ज्योतीनं जळू द्या, मग फुंकून विझवा आणि झाकण लावा. घाईत लवकर फुंकलं तर तासाभरात विझतं. पेलेट स्वयंपाकासाठीचेच घ्या. बॉयलरमध्ये जाळायचे बायोमास पेलेट दिसायला सारखे असतात, पण त्यात काय काय दळलेलं आहे ते कळायला मार्ग नसतो.

छोटा पंखा लावू का, असं बरेच विचारतात. नको. राख उडते, मटण सुकतं, आणि डब्यातल्या निखाऱ्याची ज्योत होते. धुराडं नीट असेल तर पंख्याची गरज नाही.

लाकूड

नागपूरकरांना यात नशिबानं हात दिला आहे. काटोल, नरखेड, वरुड भागात संत्र्याच्या बागांमधून दरवर्षी वाळलेल्या फांद्या, म्हणजे सल, काढतात. संत्र्याच्या लाकडाचा धूर सौम्य आणि गोडसर असतो, चिकनला तर फारच जमतो. पण फांद्याच घ्या, बुंधा नको. डिंक्या रोगासाठी बुंध्याला बोर्डो पेस्ट लावतात, म्हणजे मोरचूद आणि चुना. फांद्यांवर नुकती फवारणी झाली आहे का तेही बागवानाला विचारा, साल तासून टाका आणि सहा महिने सावलीत वाळवा. ओल्या लाकडाला कितीही हवा दिली तरी ते वाफ आणि कडू धूरच देतं. आंबा आणि जाम, म्हणजे पेरू, हेही चालतात. कडुनिंब, निलगिरी, देवदार, साग, प्लायवूड आणि रंग लागलेलं फर्निचर यांपैकी काहीही नको.

जागा, वीज आणि वारा

धुमसणाऱ्या लाकडातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो. पेटी उघड्या गच्चीवर किंवा अंगणातच लावा. काचा बसवलेली बाल्कनी म्हणजे बंद खोलीच. १५०० वॉटची कॉइल २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर घेते, म्हणून १६ अँपिअरचा अर्थिंग असलेला सॉकेट हवा, साधी एक्स्टेंशन वायर नको. परदेशातून आणलेली १२० व्होल्टची पेटी थेट आपल्या लाइनवर लावली तर कॉइल क्षणात जाते.

उन्हाळ्यातल्या गरम वाऱ्याकडे पेटीची पाठ करा. वारा थेट खालच्या भोकात घुसला तर डबा भडकतो, धुराड्याच्या तोंडावर आडवा आदळला तर धूर परत आत ढकलला जातो. मे महिन्यात मी धुराड्याला आणखी एक फूट पाइप जोडतो आणि दुपारऐवजी पहाटे पाचला सुरू करतो. ओढही बरी मिळते आणि माणूसही टिकतो. डिसेंबर-जानेवारीत उलटं होतं. ओढ भरपूर, पण लहान कॉइल दमते, आणि सकाळी धूर जमिनीलगत रेंगाळून शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांत बसतो. तेव्हा नऊनंतर, ऊन तापल्यावर सुरू करा. पावसाळ्यात पेटी मटण घालण्यापूर्वी तासभर रिकामी तापवा. भिंती गरम असल्या की त्यांच्यावर पाणी धरत नाही.

हवा खेळू लागली की मटणाच्या वरून पाणी जोरात उडतं आणि आतलं तापमान ६५ ते ७५ अंशांच्या मध्ये कुठेतरी तास-दोन तास अडकून बसतं. पेटी बिघडलेली नाही. कॉइल वाढवू नका. रंग मनासारखा आला असेल तर फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा आणि ९३ अंशांपर्यंत जाऊ द्या, तेव्हा हाड हातानं फिरवलं की सुटतं. सुरुवातीच्या चार तासांत मात्र मटण ६० अंश ओलांडून पुढे गेलंच पाहिजे, त्यात ढिलाई नको.

काम झालं की मटण काढून पेटी कमाल तापमानावर वीस मिनिटं रिकामी चालवा, सगळ्या वाटा उघड्या ठेवून. ओली वाफ निघून जाते आणि बुरशी धरत नाही. धुराडं आणि नळी चार-पाच वेळा वापरल्यावर बाटली धुवायच्या लांब ब्रशनं खरवडा. आतला थर सुकून चकचकीत काळा झाला असेल तर तो पेटही घेऊ शकतो, त्यामुळे तिथवर जाऊ देऊ नका. पुढच्या वेळी पेटी लावताना, मटण फ्रिजमधून काढायच्या आधी, पुन्हा एकदा अगरबत्ती.